डब्यातला टोमॅटो

(घरात शेत नसले, अंगण नसले, तरी भाजीचे एखादे झाड लावता येते. झाड लावणे सोपे असते. त्याला फळे आणणे तितके सोपे नसते. डब्यात लावलेल्या टोमॅटोच्या झाडाला जास्त फळे कशी येतील, हे या पाठात लेखिकेने स्वतःच्या अनुभवातून सांगितले आहे.)



तुमच्यापैकी किती जणांच्या घरी शेत आहे? फार थोड्यांच्या. किती जणांच्या घरापुढे अंगण आहे? तेही थोड्यांच्याच. आपले मालेगाव यंत्रमागांचे गाव. घराला घर लागून आहे. गल्ल्या अरुंद आहेत. पण घरावर गच्ची असते, जिन्याजवळ थोडी मोकळी जागा असते. जिथे दिवसातून सहा तास ऊन येते, तिथे टोमॅटोचे झाड चांगले वाढते. त्याला शेत लागत नाही. एक डबा पुरतो.

आता तुम्ही म्हणाल, "टीचर, आम्ही झाड लावले होते. ते वाढलेही. पण टोमॅटो काही आले नाहीत."

ही तक्रार मी पुष्कळ वेळा ऐकली आहे. आजचा पाठ याच तक्रारीवर आहे. पण आधी माझ्या एका चुकीची गोष्ट सांगते.

जुलै २०२३ मध्ये टोमॅटो एकदम महाग झाले. शंभर रुपये किलोच्या पुढे भाव गेला. काही शहरांत तर त्याहूनही खूप वर गेला. आमच्या घरी अम्मी सालनात टोमॅटोऐवजी चिंच घालू लागली. वर्गातही हाच विषय निघाला. तेव्हा मुली म्हणाल्या, "टीचर, आपणच टोमॅटो लावू या." सप्टेंबरमध्ये आम्ही बी पेरले. ऑक्टोबरमध्ये प्रत्येक मुलीने एकेक रोप घरी नेले.

डिसेंबर उजाडला. काही मुलींच्या झाडांना हिरवी फळे धरली होती. एक मुलगी मात्र गप्प बसली होती. मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "टीचर, माझे झाड माझ्या खांद्याला लागले. पाने हिरवीगार आहेत. पण फळ एकही नाही. मी रोज दोन जिने चढून पाणी नेते. अब्बा म्हणतात, डबा रिकामा कर. पाणी फुकट जाते."

तिचे अब्बा चुकीचे बोलत नव्हते. त्यांच्या घरी नळाला रोज पाणी येत नसे. साठवलेल्या पाण्यातले दोन तांबे झाडाला जात होते. ज्या झाडासाठी मुलगी एवढे कष्ट घेते, त्याला फळच येत नसेल तर काय उपयोग?

मी तिला विचारले, "तू खत काय घातलेस?" ती म्हणाली, "तुम्ही सांगितले होते ना टीचर, थोडा युरिया घाल. मी मूठभर घातला. पुन्हा पंधरा दिवसांनी मूठभर घातला."

मला आठवले. मी खरेच तसे सांगितले होते. किती घालायचा, हे मात्र सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी बाजारात भाजी विकायला आलेल्या एका शेतकरी मावशींना मी ही हकीकत सांगितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुम्ही झाडाला पानं करायला सांगितलीत, त्यानं पानं केली. फळ कुठं मागितलंत?"

मित्रांनो, एका वाक्यात त्यांनी मला धडा दिला. मी वर्गात सर्व मुलींसमोर सांगितले, "चूक माझी होती, झाडाची नाही. डबा रिकामा करू नकोस. आपण अजून दोन महिने वाट पाहू."

पुढे काय झाले, ते शेवटी सांगते. आधी झाडाला काय काय लागते, ते समजून घेऊ या.

पाहुणा झाड

टोमॅटो आपल्या रोजच्या जेवणात इतका मिसळला आहे की तो आपलाच वाटतो. पण तो मूळचा आपला नाही. त्याचे रानटी भाईबंद दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम भागात, पेरू आणि इक्वेडोर या देशांत सापडतात. मेक्सिकोतील लोक त्याची लागवड करत. त्यांच्या नाहुआत्ल भाषेतील 'तोमात्ल' या शब्दावरून 'टोमॅटो' हे नाव आले. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. त्यानंतर तो भारतात आला. वांगी, बटाटा आणि मिरची ही टोमॅटोच्याच कुळातील झाडे आहेत. आज आपल्या नाशिक जिल्ह्यातील पिंपळगाव बसवंत आणि पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे टोमॅटोचे मोठे बाजार भरतात.

हे झाड कुठून आले, हे माहीत असले की त्याची आवडही कळते. त्याला भरपूर ऊन हवे, पण फार उष्णता नको. पाणी हवे, पण चिखल नको.

डबा कसा असावा?

शेतातले झाड आपली मुळे दूरवर पसरते. डब्यातले झाड तसे करू शकत नाही. डबा हेच त्याचे शेत. म्हणून डबा लहान असेल तर फळेही कमी येतात. ठेंगण्या जातीच्या झाडाला १५ लिटरचा डबा पुरतो. उंच वाढणाऱ्या झाडाला २० लिटरची बादली हवी. डब्याची खोली कमीत कमी ३० सेंटिमीटर असावी. एका डब्यात एकच झाड लावावे. "दोन लावली तर दुप्पट फळे येतील" असे वाटते, पण तसे होत नाही. दोन्ही झाडे उपाशी राहतात.

खाद्यतेलाचा रिकामा डबा, भिंतीच्या रंगाची धुतलेली बादली, सिमेंटची कुंडी, काहीही चालेल. मात्र कारखान्यातील रसायनांचे कॅन भाजी लावण्यासाठी कधीही घेऊ नका. धुऊनही त्यातले विष पूर्ण जात नाही.

डब्याच्या तळाला करंगळीएवढी पाच-सहा छिद्रे पाडा. हे काम घरातील मोठ्या माणसाकडून करून घ्या. छिद्रांवर खापराचे तुकडे ठेवा, म्हणजे माती वाहून जाणार नाही. काही लोक तळाशी खडीचा जाड थर घालतात. त्याने पाण्याचा निचरा वाढत नाही, उलट मुळांची जागा कमी होते. डबा दोन विटांवर ठेवा. म्हणजे छिद्रे मोकळी राहतात.

एक गोष्ट विसरू नका. ओल्या मातीने भरलेल्या अशा डब्याचे वजन वीस किलो किंवा त्याहून जास्त भरते. म्हणून डबे गच्चीच्या मध्यभागी एकत्र न ठेवता भिंतीच्या कडेने ठेवा. कठड्यावर तर कधीच ठेवू नका. खाली गल्लीत लोक चालत असतात.

माती कशी करावी?

आपल्याकडची काळी माती शेतात फार चांगली. पण डब्यात ती एकटी चालत नाही. पाणी घातले की तिचा चिखल होतो. सुकली की तिला भेगा पडतात. दोन्ही वेळा मुळांना हवा मिळत नाही. मित्रांनो, मुळांनाही श्वास घ्यावा लागतो.

म्हणून तीन वस्तू सारख्या प्रमाणात मिसळा: एक भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. कोकोपीट मिळाले नाही तर जाड वाळू घ्या. त्यात एक मूठ निंबोळी पेंड टाका. ताजे शेण मात्र घालू नका. ते कुजताना गरम होते आणि मुळांना इजा होते. डबा काठोकाठ भरू नका. पाण्यासाठी वर चार बोटे जागा सोडा.

बी आणि रोप

टोमॅटोचे दोन प्रकार असतात. एक ठेंगणा. तो ठरावीक उंचीपर्यंत वाढतो आणि त्याची बहुतेक फळे थोड्या दिवसांत येतात. दुसरा उंच. तो वाढतच राहतो आणि पुष्कळ दिवस थोडी थोडी फळे देतो. बी घेताना दुकानदाराला हा प्रकार विचारून घ्या. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'धनश्री', 'भाग्यश्री' अशा जाती तयार केल्या आहेत. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची 'अर्का रक्षक' ही संकरित जात तीन मोठ्या रोगांना तोंड देते. लहान फळांचे चेरी टोमॅटोही डब्यात चांगले येतात.

बाजारातील टोमॅटोचे बी काढून पेरले तर उगवते. पण ते फळ बहुधा संकरित जातीचे असते. त्याच्या बियांपासून तशीच झाडे येतील, याची खात्री नसते.

आपल्या भागात गच्चीवरच्या टोमॅटोसाठी सप्टेंबरची पेरणी चांगली. तळाला छिद्र पाडलेल्या चहाच्या कागदी पेल्यात दोन-दोन बिया अर्धा सेंटिमीटर खोल पेरा. आठवड्याभरात अंकुर येतात. जोमदार रोप ठेवा, दुसरे कापून टाका. रोप २५ ते ३० दिवसांचे झाले की ते डब्यात लावा.

लावताना रोपाचे खोड पहिल्या पानांपर्यंत मातीत गाडा. टोमॅटोच्या खोडाला मातीत नवी मुळे फुटतात. जितकी मुळे जास्त, तितके झाड बळकट. हे काम संध्याकाळी करा, म्हणजे रोपाला लगेच ऊन लागत नाही.

पाणी: थोडे नको, फार नको, नियमाने हवे

डब्यातील झाडाच्या बहुतेक तक्रारी पाण्यामुळे होतात. पाणी द्यायचे की नाही, हे घड्याळाला विचारू नका, बोटाला विचारा. मातीत बोट दोन पेरे खुपसा. आत कोरडे लागले तर पाणी द्या. ओले लागले तर थांबा. द्याल तेव्हा तळाच्या छिद्रांतून थोडे पाणी बाहेर येईपर्यंत द्या. वरवर शिंपडलेले पाणी मुळांपर्यंत पोचत नाही.

तीन दिवस कोरडे ठेवून चौथ्या दिवशी भरपूर पाणी दिले तर काय होते? फळ एकदम फुगते आणि त्याची साल तडकते. दुसरा त्रास असा की फळाचे बूड काळे पडते. हा रोग कोणत्याही किड्यामुळे होत नाही. फळाला कॅल्शियम लागते. ते पाण्याबरोबर मुळांतून वर चढते. पाण्यात खंड पडला की कॅल्शियमही कमी पोचते आणि फळाचे बूड सडू लागते. काही लोक लगेच अंड्याची टरफले टाकतात. पण ती कुजायला बरेच महिने लागतात. खरा उपाय म्हणजे नियमित पाणी. बूड काळे झालेले फळ तोडून टाका आणि पाण्याची सवय सुधारा. पुढची फळे चांगली येतात.

पाणी वाचवण्यासाठी मातीवर वाळलेला पाला किंवा उसाचे पाचट पसरा. डब्याभोवती गोणपाट गुंडाळा. त्यामुळे उन्हाने डबा तापत नाही. तांदूळ आणि डाळ धुतलेले पाणी, वजूचे पाणी झाडाला चालते. साबणाचे पाणी घालू नका.

खत: काय मागाल ते मिळेल

आता माझ्या चुकीकडे येऊ. झाडाला अनेक अन्नघटक लागतात. त्यांपैकी तीन मुख्य आहेत. नत्रामुळे पाने आणि फांद्या वाढतात. स्फुरदामुळे मुळे आणि फुले चांगली येतात. पालाशामुळे फळे भरतात आणि चव येते. युरियात या तिघांपैकी फक्त नत्र असते. डब्यात मूठभर युरिया म्हणजे फार झाले. झाड पानेच वाढवत बसते, फुलांकडे वळत नाही. खत आणखी जास्त झाले तर मुळे करपून झाड मरतेही.

मग खत कसे द्यावे? पहिले चार आठवडे मातीत मिसळलेले शेणखत पुरते. पहिली फळे हरभऱ्याएवढी झाली की दर पंधरा दिवसांनी दोन मुठी गांडूळखत मातीच्या वरच्या थरात मिसळा. विकतचे १९:१९:१९ हे विद्राव्य खत असेल तर एक लिटर पाण्यात फक्त दोन ग्रॅम घाला. या तीन आकड्यांचा अर्थ असा की त्यात नत्र, स्फुरद आणि पालाश सारखे आहेत. खत नेहमी ओल्या मातीत द्या. हात धुवायला विसरू नका.

फुलाचे फळ कसे होते?

झाडाला पिवळी फुले येतात, पण चार दिवसांत गळून पडतात. असे का होते?

पहिले कारण हवामान. दिवसा ३५ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त उष्णता असली किंवा रात्री फार थंडी पडली तर फळ धरत नाही. रात्रीचे तापमान १५ ते २० अंश असले तर फळे चांगली धरतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर जातो. तेव्हा फुले गळली तर झाडाला दोष देऊ नका.

दुसरे कारण परागीभवन. टोमॅटोच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. परंतु परागकण पुंकेसराच्या बंद नळीत असतात. फूल हलले की ते बाहेर सांडतात, जशी मिठाची बाटली हलवली की मीठ सांडते. शेतात वारा फुले हलवतो. भुंगे फुलाला धरून गुणगुणतात आणि त्या कंपनाने पराग बाहेर पडतात. युरोपात हरितगृहांत यासाठी बंबलबी नावाच्या केसाळ माश्या मुद्दाम सोडतात. आपल्या गच्चीवर भिंतीच्या आडोशाला वारा कमी, भुंगे तर दिसतच नाहीत.

मग भुंग्याचे काम आपण करायचे. सकाळी ९ ते ११ च्या दरम्यान फुलांच्या झुबक्यामागे देठावर हळूच दोन-तीन टिचक्या मारा. रोज एक मिनिट पुरते.

आधार आणि छाटणी

रोप वीतभर झाले की त्याच्याजवळ चार-पाच फुटांची काठी रोवा. खोड आणि काठी सुतळीने ८ या आकड्यासारखी सैल बांधा. घट्ट बांधले तर खोड वाढताना सुतळी त्यात रुतते.

पान आणि खोड यांच्या बेचक्यातून नवी फूट निघते. उंच जातीत अशा फुटी बोटभर असतानाच खुडा. म्हणजे अन्न फळांकडे जाते. ठेंगण्या जातीत मात्र त्या काढू नका. त्यांच्यावरच फळे येतात. मातीला टेकणारी खालची पाने सर्वच झाडांची काढा. पाणी घालताना मातीतले रोगजंतू उडून त्या पानांवर बसतात.

रोग आणि कीड

रोज पान उलटून पाहा. पानाच्या मागे बारीक पांढऱ्या माश्या दिसल्या तर सावध व्हा. पांढरी माशी पाने आकसण्याचा विषाणू पसरवते. तो रोग झालेले झाड बरे होत नाही. आमच्या वर्गातील दोन झाडे आम्हांला उपटून टाकावी लागली. वाईट वाटले, पण शेजारची झाडे वाचली.

माश्या आल्याच तर पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल तेल लावून झाडाजवळ टांगा. माश्या त्याला चिकटतात. निंबोळी अर्कही करता येतो. सोललेल्या निंबोळ्यांची ५० ग्रॅम पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी कपड्याने गाळा, त्यात चिमूटभर साबणाचा चुरा मिसळा आणि संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंवर फवारा. फवारलेली फळे धुऊनच खा.

तोडणी

फूल फळात बदलल्यापासून ते लाल होईपर्यंत साधारण दीड महिना लागतो. थंडीत त्याहून जास्त. फळावर तांबूस रंग चढला की ते तोडले तरी चालते. घरात सावलीत ते पिकते. यामुळे पक्षी आणि खारी यांच्यापासून फळ वाचते. उन्हाळ्यात फळ लाल न होता पिवळट राहिले तर घाबरू नका. लाल रंग देणारे द्रव्य फार उष्णतेत नीट तयार होत नाही. असे फळ घरात ठेवले तर चांगले पिकते.

त्या मुलीच्या झाडाचे काय झाले?

आम्ही तिच्या डब्यात दोन वेळा भरपूर पाणी ओतून तळातून वाहू दिले. जास्तीचा नत्र पाण्याबरोबर बराचसा निघून गेला. खत बंद केले. बेचक्यातल्या फुटी खुडल्या. डिसेंबरच्या अखेरीस फुले आली. ती रोज शाळेत येण्यापूर्वी फुलांना टिचक्या मारू लागली. पहिली फुले थंडीने गळली. ती पुन्हा गप्प झाली. पण जानेवारीच्या मध्यावर एके दिवशी ती धावतच वर्गात आली. "टीचर, धरले! हरभऱ्याएवढे!"

मार्चपर्यंत त्या एका झाडाने सव्वीस टोमॅटो दिले. तिने ते सगळे वहीत तारखेसह लिहिले होते. सव्वीस टोमॅटोंनी घराचा खर्च फार कमी होत नाही, हे मला माहीत आहे. पण तिच्या अब्बांनी त्या महिन्यात तेलाचा आणखी एक रिकामा डबा आणला आणि स्वतःच त्याला छिद्रे पाडून दिली.

मित्रांनो, तुम्हीही एक वही ठेवा. पेरणी कधी केली, पाणी किती दिले, पहिले फूल कधी आले, किती फळे धरली, हे सर्व लिहा. दोन झाडे असतील तर त्यांच्यात एका वेळी एकच गोष्ट बदला. एकाला टिचकी मारा, दुसऱ्याला मारू नका. मग फळे मोजा. उत्तर तुम्हांला मी सांगायची गरज पडणार नाही. झाडच सांगेल. झाड बोलत नाही, पण खोटेही सांगत नाही. आपण त्याच्याकडे नीट पाहिले पाहिजे, एवढेच.

शब्दार्थ

गच्ची – घरावरील सपाट छत
ठेंगणा – कमी उंचीचा
निचरा होणे – जास्तीचे पाणी निघून जाणे
खापर – फुटलेल्या मातीच्या भांड्याचा तुकडा
पेर – बोटाच्या दोन सांध्यांमधील भाग
विद्राव्य – पाण्यात विरघळणारे
संकरित – दोन जातींच्या मिश्रणातून तयार केलेले
बेचके – जिथे दोन फांद्या फुटतात ती जागा
पाचट – उसाची वाळलेली पाने
झुबका – घोस, गुच्छ
वीत – हाताचा पंजा पसरल्यावर अंगठ्यापासून करंगळीपर्यंतचे अंतर

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'टोमॅटो' हे नाव कोणत्या शब्दावरून आले?
(आ) डबा विटांवर का ठेवावा?
(इ) युरियात कोणता अन्नघटक असतो?
(ई) टोमॅटोच्या फुलांना टिचकी केव्हा मारावी?

२. कारणे लिहा.
(अ) रोप लावताना खोड मातीत गाडावे.
(आ) टोमॅटोचे बूड काळे पडते.
(इ) वडिलांनी मुलीला डबा रिकामा करायला सांगितले.

३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) शेतकरी मावशींच्या बोलण्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
(आ) लेखिकेने सर्व वर्गासमोर आपली चूक कबूल केली. याविषयी तुम्हांला काय वाटते?

४. उर्दूत दोन लिंगे आहेत, मराठीत तीन आहेत. उदाहरणे पाहा: तो डबा, ती कुंडी, ते रोप. आता पुढील शब्दांपूर्वी तो, ती किंवा ते लिहा.
माती, फूल, टोमॅटो, पान, फांदी, भुंगा, पाणी, काठी, खत

५. अनेकवचन लिहा.
मूळ, फळ, बी, रोप, फांदी, माशी

६. पुढील शब्दांना उर्दूत काय म्हणतात ते सांगा.
मूळ, पान, छिद्र, ऊन, सावली, चव

७. उपक्रम: घरी एका डब्यात टोमॅटोचे किंवा मिरचीचे रोप लावा. तीन महिने दर आठवड्याला त्याची उंची, फुले आणि फळे यांची नोंद ठेवा. नोंदवही वर्गात दाखवा आणि आपल्या झाडाविषयी मराठीत पाच वाक्ये बोला.